नऊ वर्षांची नायिका कन्फेशनला जाते: प्रकरण ठेवू की काढू?

जांभळीनाका
सात ते दहा वर्षांच्या मुलांसाठी प्रकरणांचं छोटं पुस्तक लिहितेय. १२ प्रकरणं, साधारण ८,००० शब्द. रोज झोपताना एक प्रकरण वाचावं, या बेताने. मी ठाण्याची ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या मराठी कॅथलिकांपैकी. घरात मराठी, रविवारी चर्चमधली मिस्सा (प्रार्थनाविधी) हीदेखील मराठीतच. माझी नायिकाही तशीच, तलावपाळीजवळच्या चाळीत राहणारी.

तिच्या चेंडूने शेजारच्या आजींची तुळशीची कुंडी फुटते आणि आळ येतो मांजरावर. मांजराचं दूध बंद. पुढच्या आठवड्यात तिचं पहिलं कन्फेशन आहे, म्हणजे फादरना आपल्या चुका सांगून देवाची क्षमा मागायची. पहिल्या कम्युनियनआधी, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याआधी, ते करावंच लागतं. तिथे ऐकलेलं फादर कुणाला म्हणजे कुणालाच सांगू शकत नाहीत. तिला वाटतं, चला, सुटलो! फादर सगळं ऐकून घेतात आणि विचारतात, “देवाला सांगून झालं. मांजराचं काय?”

एका संपादकांना हस्तलिखित आवडलं. फक्त म्हणाले, कन्फेशन काढा, ती आईला सांगते असं करा, म्हणजे सगळ्या मुलांना गोष्ट आपली वाटेल. अहो, आईला सांगितलं तर आई हाताला धरून आजींच्या दारात उभी करेल आणि पुस्तक पाचव्या प्रकरणातच संपेल. मी काढणार नाही म्हणतेय. तुम्ही बोला.

दोन_पोरांचा_बाप
काढा. राग मानू नका, पण माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. हे पुस्तक तो एकटा वाचणार, मी शेजारी नसणार. चर्चमध्ये जाऊन सांगितलं की सुटका होते, हे त्याला गोष्टीतून पटणार आणि गोष्टीतून पटलेलं लवकर जात नाही. ठेवायचंच असेल तर मुखपृष्ठावर ‘ख्रिस्ती पुस्तक’ असं छापा.

वाचनालयातली
मग दिवाळीच्या किल्ल्याच्या आणि वारीच्या गोष्टींवर ‘हिंदू पुस्तक’ छापायचं का? मी नौपाड्यात मुलांचा विभाग सांभाळते. आमच्याकडे येणारी ख्रिस्ती मुलं ती सगळी पुस्तकं आवडीने नेतात. त्यांच्यासारखं मूल मात्र आमच्या कपाटात फक्त डिसेंबरात येतं, तेही केक घेऊन.

दोन_पोरांचा_बाप
सण दाखवायला माझी ना नाही. इथे विधीच गोष्टीचा पेच सोडवतो, फरक तो आहे.

येऊरकर
सोडवतो कुठे? फादर तर पेच वाढवतात. नीट वाचा की राव.
आणि हे मराठीला नवीन आहे का? फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी १६१६ मध्ये येशूची कथा सांगणारं ख्रिस्तपुराण छापलं, तेही ओवीत. ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ ची. ‘बालबोधमेवा’ हे मुलांचं मासिक १८७३ मध्ये मिशनऱ्यांनीच सुरू केलं.

दोन_पोरांचा_बाप
दाखला तुम्हीच दिलात, बरं झालं. ‘यमुनापर्यटन’ विधवांच्या हालांबद्दल पोटतिडकीने लिहिलंय, मान्य. पण यमुना शेवटी ख्रिस्ती होते की नाही? मला भीती वाटते ती नेमकी याचीच.

येऊरकर
हं. हा मुद्दा तुमचा.

खाडीपलीकडे
मी कळव्याचा, मूळ नगरचा, प्रॉटेस्टंट. माझी तक्रार उलटी आहे. अख्ख्या वर्णनात प्रभू येशूचं नाव एकदाही नाही. ख्रिस्ती लेखिका म्हणवता ना, मग लाजता कुणाला? शिवाय आमच्यात फादरच्या कानात सांगायची पद्धत नाही, थेट देवाशी बोलतात. माझी मुलगी तुमच्या पुस्तकात स्वतःला शोधेल आणि तिला सापडेल कॅथलिक मुलगी.

जांभळीनाका
@खाडीपलीकडे, दादा, नाव आहे. तिची आजी रोज रात्री रोझरी (माळेवरची प्रार्थना) म्हणते आणि मध्येच पेंगते, त्यात आहे. प्रवचन घातलं तर पोरं पान उलटतात. मीही लहानपणी उलटायचे, संडे स्कूलच्या पुस्तकात गोष्ट कुठे थांबते आणि बोध कुठे सुरू होतो ते मला छपाईवरूनच कळायचं. आणि सगळ्या ख्रिस्ती मुलांची मिळून एक मुलगी मला जमणार नाही. ही एकाच चाळीतली आहे. तुमच्या नगरच्या मुलीची गोष्ट तुम्ही लिहा, मी पहिली वाचेन.

@दोन_पोरांचा_बाप, भीती खोटी नाही म्हणत. पण माझ्या गोष्टीत कुणी कुणाच्या देवाकडे जात नाही. शेजारच्या आजी शेवटपर्यंत तुळशीला पाणी घालतात.

शेवटचा_डबा
इतका वेळ नुसता वाचत होतो. एक कुणी बोललं नाही, म्हणून बोलतो. ख्रिस्ती मुलीने फोडायची ती नेमकी तुळसच का? तुमच्या मनात काही नसेल, नाहीच. पण हल्ली एक पान फोटो काढून फिरवलं जातं, मागचं-पुढचं कुणी वाचत नाही. कन्फेशनपेक्षा मला ही कुंडी धोक्याची वाटते.

वाचनालयातली
म्हणून तर तुळस हवी! गुलाबाची कुंडी असती तर पोरगी इतकी घाबरली असती का? आजींची रोजची पूजा मोडली, हे त्या वयातही कळतं.

शेवटचा_डबा
तुम्हाला कळतं. फोटो फिरवणाऱ्याला कळून घ्यायचं नसतं.

जांभळीनाका
दोन दिवस गप्प होते. @शेवटचा_डबा, तुमच्या प्रतिसादाने झोप उडवली. तुळस काढायची म्हणून अबोली लिहून पाहिली, आणि आजी एकदम परक्याच वाटायला लागल्या. मग ठरवलं, तुळस राहील, पण कुंडी फुटते ते पान आणि आजी माती गोळा करत रोप वाचवतात ते पान समोरासमोर येईल. एकाचा फोटो काढला तर दुसरंही त्यात येईलच. कन्फेशनही राहील. त्या संपादकांना तसं कळवलं, उत्तर अजून नाही.

काल आमच्या मजल्यावरच्या आठ वर्षांच्या मुलाला सहावं प्रकरण वाचून दाखवलं. घरचे गणपतीवाले. कन्फेशन म्हणजे काय, हे त्याने विचारलंच नाही. विचारलं ते वेगळंच: “तिच्या डब्यात साठ रुपये आहेत आणि नवी कुंडी एकशेवीसची. बाकीचे कुणी दिले? फादरनी?”

मी हिशेबच केला नव्हता. फादरनी दिले तर मोठ्या माणसाने सोडवल्यासारखं होईल, आईकडे मागितले तर सगळं सांगावं लागेल. सुचवा काहीतरी.

दोन_पोरांचा_बाप
रद्दी विकू द्या तिला. आमचा तेच करतो.