शर्यत चंद्राची कमी, दक्षिण ध्रुवाची अधिक

‘माणूस १९६९ मध्येच चंद्रावर उतरला, मग आता सगळ्यांना एवढी घाई कशाची?’ हा चंद्रमोहिमांविषयी अनेकदा विचारला जाणारा प्रश्न रास्त आहे. मात्र तेव्हाची स्पर्धा अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या प्रतिष्ठेची होती, आताची बरीचशी पाण्यासाठी आहे. चांद्रयान-१ वरील उपकरणाच्या निरीक्षणांतून चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याचे अंश असल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले आणि त्याच वर्षी नासाने दक्षिण ध्रुवाजवळच्या एका विवरात रॉकेटचा भाग आदळवून उडालेल्या धुरळ्यात बर्फ असल्याचे दाखवले. चंद्राचा अक्ष जेमतेम दीड अंश कललेला असल्याने तेथील काही विवरांच्या तळाशी ऊन कधीच पोहोचत नाही, तर जवळच्याच काही उंच कडांवर ते वर्षातील बराच काळ असते. म्हणजे बर्फ आणि वीज शेजारीशेजारी. त्या बर्फापासून श्वासासाठी ऑक्सिजन आणि इंधनासाठी हायड्रोजन मिळवता येईल. उजनीच्या पाण्याची पाळी मोजणाऱ्या आम्हां सोलापूरकरांना या धडपडीचा अर्थ वेगळा सांगायला नको.

अशा मोक्याच्या जागा थोड्याच आहेत. १९६७ च्या अवकाश करारानुसार चंद्रावर कोणत्याही देशाला मालकी सांगता येत नाही, परंतु तेथून खणून काढलेल्या संपत्तीबाबत तो करार स्पष्ट बोलत नाही, त्यामुळे आधी पोहोचणाऱ्याचे पारडे जड राहते. चंद्राच्या मातीत आढळणाऱ्या आणि भविष्यातील अणुइंधन म्हणून चर्चेत असलेल्या हेलियम-३ या वायूचा मुद्दा मला मात्र तूर्त दूरचा वाटतो, कारण त्यावर चालणारी वीजनिर्मितीची अणुभट्टीच अद्याप अस्तित्वात नाही.