देशांच्या नावांचे गोंधळ: तुमचे अनुभव लिहा

गवतफुला
काल लेकीचा अर्ज भरत होते. देशांच्या यादीत इंग्लंड काही सापडेना. शेवटी युनायटेड किंगडम निवडलं आणि एकदम वेल्समधल्या कार्डिफची घरमालकीण आठवली. वीसेक वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात मी तिला कौतुकाने म्हटलं, "तुमचं इंग्लंड किती हिरवंगार आहे हो!" बाई भांडी पुसत होत्या. हातातलं फडकं खाली ठेवलं, विजेच्या बिलाचं पाकीट उलटं केलं आणि पेन्सिलीने बेट काढलं. वर स्कॉटलंड, डावीकडचा फुगवटा वेल्स, उरलेलं इंग्लंड. तिन्ही मिळून ग्रेट ब्रिटन. शेजारच्या बेटाचा वरचा तुकडा, म्हणजे उत्तर आयर्लंड, जोडला की युनायटेड किंगडम. मग फुगवटा परत परत गिरवत म्हणाल्या, "वेल्स हे नावसुद्धा दुसऱ्यांनी दिलेलं. त्याचा मूळ अर्थ परके. आम्ही कमरी म्हणतो, आपल्या माणसांचा देश." स्वतःच्याच घरात परकं म्हणवून घ्यायचं! फार लागलं मनाला. ते पाकीट अजून जपून ठेवलंय.

डोंगरवाट
नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्तला दोन वर्षं होतो. घरी सगळे "हॉलंडला असतो" सांगायचे, मीही. ऑफिसातल्या एकाने शांतपणे सांगितलं, बारा प्रांतांपैकी दोनच हॉलंड, उत्तर आणि दक्षिण. आपण लिम्बुर्ख प्रांतात बसलोय. ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, हेग सगळं त्या दोनांत, म्हणून तेच नाव जगभर गेलं. सरकारने २०२० पासून जाहिरातींतही नेदरलँड्सच ठेवलं. फुटबॉलला मात्र तीच मंडळी हॉलंड हॉलंड ओरडतात.

कंदील
डच लोकांसाठी आपला जुना शब्द वलंदेज, तोही पोर्तुगीजांच्या तोंडून आलेला हॉलंडच की.

डोंगरवाट
अरे हो! हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

रानपाखरू
पोळ्या करता करता लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मार्च २०१२. बातमीत "काँगोत दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट". माझा भाऊ किन्शासात. आई देवापुढून उठेना, फोन लागेना. संध्याकाळी लागला तर म्हणतो, "अगं स्फोट ब्राझाव्हिलला, तो दुसरा काँगो. मधे नदी आहे." दोन काँगो, दोन राजधान्या, आणि त्या समोरासमोर! आम्हाला हे तेव्हा कळलं. आवाज मात्र त्याला नदीपलीकडून ऐकू आला होता. तेव्हापासून आई बातमीत आधी राजधानीचं नाव ऐकते.

गवतफुला
बाई गं, आईंचं काय झालं असेल त्या दिवशी. भाऊ आता कुठे असतो?

रानपाखरू
परत आला कधीच. गुडघेदुखी घेऊन 🙂

पायवाट७
गुडघ्यासाठी पोहणं सुरू करायला सांगा, माझ्या मामांना फार फरक पडला.

सांजवारा
आयर्लंडमधल्या डब्लिनच्या सहकाऱ्याला मी मीटिंगमध्ये "तुम्ही ब्रिटिश लोक" म्हणाले. तो गप्पच झाला. नंतर जेवताना म्हणाला, आमच्या आजोबांच्या पिढीने त्या शब्दातून बाहेर पडायला लढाई केली, १९२२ साली वेगळे झालो. मी तिथेच माफी मागितली. हवामानाच्या बातम्यांत ब्रिटन आणि आयर्लंड एका नकाशावर दिसतात म्हणून काही ते एक होत नाहीत.

पायवाट७
उत्तर आयर्लंडातल्या बेलफास्टहून डब्लिनला बसने गेलंय का कोणी? सीमेवर उतरवतात का? मुलगा जाणार आहे.

सांजवारा
नाका वगैरे काही नाही. रस्त्यावरच्या पाट्या मैलांच्या किलोमीटर झाल्या की समजायचं देश बदलला. पौंड जाऊन युरो. पण व्हिसा नीट बघा. नाका नाही म्हणजे व्हिसा लागत नाही असं नव्हे, यूकेचा व्हिसा आहे एवढ्यावर आयर्लंडला चालेलच असं नाही. कुठला आहे त्याचा?

पायवाट७
विचारून सांगतो. झोपलाय अजून.