मधुमेही कुत्रीचा आयुष्यभराचा खर्च: हात कुठे आखडावा, कुठे नाही?

चिंगीची आई

नमस्कार मंडळी. आमची चिंगी नऊ वर्षांची, बारा किलोची, मिश्र जातीची. मध्यंतरी ती भांडंच्या भांडं पाणी प्यायला लागली. रात्री घरात लघवी व्हायची. खाणं वाढलं, तरी पाठीचा कणा हाताला लागायला लागला. तपासणीत रक्तातली साखर ४६० निघाली, लघवीतही साखर. दोन वेळचं इन्सुलिन सुरू झालंय आणि आता ते जन्मभर चालणार.

सुईचं काही वाटत नाही, चिंगी टोचून घेताना शांत उभी राहते. प्रश्न पैशाचा आहे. घरात सध्या एकच पगार येतो, माझा. मी हिशेबाचं काम करते, म्हणून सगळं कागदावर मांडलं: इन्सुलिन, सिरिंज, डॉक्टरांनी सुचवलेलं मधुमेहाचं खास कोरडं खाणं, आणि दर महिन्याला दिवसभर दवाखान्यात ठेवून काढायचा साखरेचा आलेख. एवढ्यालाच पगाराचा पाचवा हिस्सा जातो. त्यावर चिंगीची नसबंदी झालेली नाही आणि डॉक्टर म्हणतात तीही लगेच करा. तो आकडा वेगळा, आणि मोठा.

माझा विचार असा: ऑपरेशन वर्षभर पुढे ढकलावं आणि आधी महिन्याचा खर्च बसवावा. सासऱ्यांना मधुमेह आहे, त्यांच्या गोळ्या घरात असतातच. भाऊ म्हणतो, त्याच थोड्या देऊन बघ, इन्सुलिन कमी लागेल. मला ते पटत नाहीये, पण खात्रीही नाही. जे लोक यातून गेलेत त्यांनी सांगा, कुठला खर्च कमी केला तर चिंगीला त्रास होणार नाही?

दोन वेळची सुई

ताई, आमचा राजाही इन्सुलिनवर आहे, बरीच वर्षं झाली. त्याला मोतीबिंदू झाला, दिसत नाही, पण घरभर फिरतो, जिना चढतो. मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांना मोतीबिंदू होतो, तोही माणसांपेक्षा फार लवकर, तेव्हा मनाची तयारी असू द्या. डोळ्यांचं ऑपरेशन होतं, पण ते महागडं आहे आणि ते केलं नाही म्हणून कुत्र्याचं आयुष्य वाईट जात नाही. मात्र डोळा लाल झाला किंवा ते डोळा मिटून बसू लागलं तर थांबू नका, आत सूज येते आणि ती दुखते.

आता खर्चाचं. तुमच्या यादीत सगळ्यात जास्त कात्री लागते ती दवाखान्यातल्या आलेखाला. दर दोन तासांनी थेंबभर रक्त घेऊन बारा तास साखर मोजायची, एवढंच ते काम. हे घरी होतं. कानाच्या कडेला किंवा ओठाच्या आतल्या बाजूला बारीक टोचायचं. मी सुट्टीच्या दिवशी सकाळच्या खाण्यापासून संध्याकाळच्या इन्सुलिनपर्यंत आकडे लिहितो आणि त्या कागदाचा फोटो डॉक्टरांना पाठवतो. ते सल्ल्याची फी घेतात, दिवसभर ठेवण्याची नाही. खरं सांगायचं तर घरचा आलेख जास्त भरवशाचा असतो. दवाखान्यात आमचा राजा घाबरून खात नाही, भीतीने साखर चढते, आणि त्या आकड्यांवर डोस ठरवणं मला कधीच पटलं नाही.

ग्लुकोमीटर माणसांचा असेल तर तो कुत्र्याच्या रक्तात बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. प्राण्यांसाठीचे वेगळे मिळतात, पट्ट्या महाग. मी माणसांचाच घेतला आणि एकदा दवाखान्यात, लॅबसाठी रक्त काढलं त्याच वेळी त्यावरही मोजून फरक पाहून ठेवला. डॉक्टरांना मीटर कुठला ते मात्र सांगायचंच.

रोज साखर मोजायची गरज नाही. पाणी मोजा. सकाळी मापाच्या भांड्याने भरा, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा. दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर गेलं तर ते जास्त. म्हणजे चिंगीसाठी सव्वा लिटरच्या आसपास पोहोचलं की डॉक्टरांना फोन. सोबत आठवड्याचं वजन. पाणी कमी, वजन स्थिर, कुत्रं आनंदी, तर आकडे थोडे वरखाली असले तरी चालतं. उद्दिष्ट निरोगी कुत्र्यासारखी साखर हे नसतंच. दिवसाचा बराचसा वेळ १०० ते २५० च्या दरम्यान राहिली तर आमचे डॉक्टर खूश असतात.

खास खाण्याबद्दल डॉक्टरांना थेट विचारा: हे लागणारच आहे, की असलं तर बरं? मधुमेही कुत्र्याला मुख्य गरज असते ती रोज तेच खाणं, तेवढंच वजन करून, त्याच दोन वेळांना. गोड नको, मधल्या वेळी काहीबाही नको. साधं पण चांगलं, समतोल खाणं या शिस्तीत दिलं तर पुष्कळ कुत्र्यांचं जमतं. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर कमी चरबीचं लागतं, तिथे तडजोड नाही. आणि माणसांचं 'शुगर फ्री' काहीही देऊ नका. त्यात झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ असेल तर कुत्र्याला विषबाधा होते.

निवृत्त पशुवैद्य

दोन गोष्टी तातडीने.

भाऊ सुचवतोय त्या, सासऱ्यांच्या गोळ्या नकोत. माणसांच्या नेहमीच्या मधुमेहात शरीर थोडंफार इन्सुलिन तयार करत असतं, गोळ्या त्या जोरावर काम करतात. कुत्र्याच्या मधुमेहात ते उत्पादन जवळजवळ संपलेलं असतं. गोळ्यांनी इन्सुलिनची गरज टळत नाही, वेळ मात्र जातो.

दुसरं, नसबंदी. ताई, तुमच्या सगळ्या यादीत पुढे ढकलू नये असा हाच खर्च आहे. हीट (माज) संपल्यावर कुत्रीच्या शरीरात जवळपास दोन महिने प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन चढलेलं राहतं, ती गाभण असो वा नसो. त्याच्या परिणामाने स्तनग्रंथींतून ग्रोथ हॉर्मोन स्रवतं आणि शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. म्हणजे दर हीटनंतर डोस वाढवा, पुन्हा आलेख, मग हॉर्मोन उतरलं की तोच डोस जास्त होऊन साखर धोकादायक खाली. या चक्रात ऑपरेशनपेक्षा जास्त पैसे जातात. शिवाय मधुमेही, नसबंदी न झालेल्या वयस्कर कुत्रीला गर्भाशयात पू झाला तर तेच ऑपरेशन रात्री-बेरात्री, आजारी शरीरावर आणि कितीतरी जास्त खर्चात करावं लागतं.

आणि आशेची गोष्ट. निदान लवकर झालं असेल तर काही कुत्र्यांचा मधुमेह नसबंदीनंतर पूर्ण मागे जातो. सगळ्यांचा नाही, आणि उशीर होईल तशी शक्यता कमी होते. मी तुमच्या जागी असतो तर आलेखाचे आणि खास खाण्याचे पैसे वाचवून आधी हे केलं असतं. दवाखान्यात स्पष्ट सांगा की एकरकमी जमत नाही, हप्ते होतील का. पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि प्राणिकल्याण संस्थांच्या दवाखान्यांत खर्च बऱ्याचदा कमी असतो, तिथेही विचारा. संकोच करू नका. पेशंटच्या माणसाने आपली मर्यादा पहिल्याच भेटीत सांगितली तर आम्हाला उपचार आखणं सोपं जातं. न सांगता औषध अर्धं करणारी माणसं पाहिली की फार वाईट वाटायचं, कारण इन्सुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून तयार होणारे कीटोन हे आम्लधर्मी पदार्थ साचतात आणि कुत्रं उलट्या करत येतं. मग सलाईन, भरती, तासातासाला तपासण्या. महिनोन् महिने वाचवलेलं त्यात एका फटक्यात जातं आणि जीव वाचेल याची खात्री नसते. लघवीतले कीटोन तपासायच्या पट्ट्या स्वस्त असतात, एक डबी घरी ठेवा. खाणं बंद, उलटी, मरगळ, यातलं काहीही दिसलं की पट्टी बुडवून बघा. पट्टी काहीही सांगो, उलट्या आणि खाणं बंद हे दोन्ही एकत्र असेल तर थांबायचं नाही.

दात आणि लघवीचा संसर्गही तपासून घ्या. किडलेल्या हिरड्या असतील तर इन्सुलिन जास्त लागतं. खाजेसाठी कुणी स्टिरॉइड देत असेल तर आधी मधुमेहाची आठवण करून द्या.

चिंगीची आई

डॉक्टर, दादा, खूप आभार. गोळ्यांचा विषय बंद केला. नसबंदीचं कारण मला कुणी असं समजावून सांगितलं नव्हतं. तुम्ही ते चक्र लिहिलंत तेव्हा चिंगीचं दुखणं मागच्या हीटनंतरच सुरू झालं हे लक्षात आलं. ऑपरेशन आता पहिल्या क्रमांकावर.

इन्सुलिनचा हिशेब बरोबर आहे का बघा. डॉक्टरांनी माणसांचंच एनपीएच प्रकारचं इन्सुलिन लिहून दिलंय, यू-१००, म्हणजे मिलिलिटरमागे १०० युनिट. चिंगीला सकाळी ५ आणि संध्याकाळी ५ युनिट. १० मिलिलिटरच्या कुपीत १००० युनिट, म्हणजे १०० दिवस. पण उघडल्यावर सुमारे सहा आठवड्यांत टाकून द्या असं वेष्टणावर आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त कचऱ्यात. ३ मिलिलिटरच्या पेनमध्ये ३०० युनिट, ते महिन्यात संपेल. युनिटमागे पेन महाग आहे, तरी वाया जाणारं धरलं तर पेन परवडतं असं दिसतंय.

दोन वेळची सुई

हिशेब चांगला, एक वजाबाकी राहिली. पेनने प्रत्येक वेळी टोचण्याआधी हवा काढायला साधारण २ युनिट सोडून द्यावे लागतात. म्हणजे दिवसाला १० नाही, १४. तीनशे युनिट तीन आठवड्यांत संपतील. सुया वेगळ्या. मी कुपीच वापरतो आणि ती किती दिवस वापरायची ते डॉक्टरांशी बोलून ठरवलंय. फ्रिजच्या दारात नाही, आतल्या कप्प्यात ठेवतो, गोठू देत नाही. रंग बदलला किंवा गुठळ्या दिसल्या तर लगेच टाकतो, आणि साखर विनाकारण चढायला लागली तर पहिला संशय कुपीवर. तुमच्या डॉक्टरांनी सहा आठवडेच म्हटलं तर तेच पाळा आणि मग दोन्हींची तुलना पुन्हा करा.

स्वस्त म्हणून दुसरीच सिरिंज उचलू नका, हे फार कळकळीने सांगतो. प्राण्यांचं इन्सुलिन बऱ्याचदा यू-४० (मिलिलिटरमागे ४० युनिट) असतं, तुमचं यू-१००. यू-४० च्या सिरिंजमध्ये तुमचं इन्सुलिन ५ च्या खुणेपर्यंत भरलं तर आत साडेबारा युनिट जातात. घरातल्या प्रत्येकाला सिरिंजचं पाकीट दाखवून ठेवा.

मोतीची मावशी

मधुमेहाचा अनुभव नाही, आमच्या मोतीला हृदयाचं दुखणं आहे. पण दोन शब्द. विमा आता घ्यावा असं कुणी सुचवेल, तर लक्षात घ्या, आधीपासूनचा आजार विम्यात जवळपास कधीच धरत नाहीत. ते पैसे चिंगीच्या नावाने बाजूला टाका. आमच्याकडे दर महिन्याला औषधांसोबत थोडी रक्कम वेगळी पडते, ती फक्त तातडीच्या वेळेसाठी.

आणि 'कुत्र्याला कुठे इन्सुलिन देतात' असं कुणी म्हणालं तर सांगा, इन्सुलिन सापडलंच कुत्र्यांमुळे. १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांना त्याचा अर्क टोचून त्यांची साखर खाली आणली, आणि पुढच्याच वर्षी ते औषध माणसांना मिळालं. त्यात कुत्र्यांचे जीव गेले. आपल्या घरातल्या एका कुत्रीला ते औषध मिळावं यात लाजण्यासारखं काही नाही.

चिंगीची आई

मावशी, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. घरात हे ऐकवलं.

एक अवघड प्रश्नही विचारून टाकते. सगळं करूनही जमलं नाही तर? ते बोलायचं कुणाशी?

निवृत्त पशुवैद्य

तुमच्या डॉक्टरांशी, आणि आत्ताच, शांत असताना. दोन वेळा इन्सुलिन जमत नसेल तर दिवसातून एकदा देऊन लक्षणं आटोक्यात ठेवणं, हा कमी प्रतीचा पण काही कुत्र्यांना चालणारा मार्ग आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो काहीच न देण्यापेक्षा कितीतरी बरा. उपचार पूर्ण थांबवून कुत्रीला तशीच राहू देणं मात्र क्रूर होतं, त्यापेक्षा वेदना न होता निरोप देणं योग्य. पण तुम्ही सांगता त्यावरून चिंगी तिथे नाही. खाते आहे, उभी राहते आहे, निदान वेळेत झालंय.

चिंगीची आई

बोलले. हप्ते मान्य झाले, तीन भागांत. खास खाण्याऐवजी नेहमीचंच मोजून द्यायला डॉक्टरांची हरकत नाही, आलेख घरी. ऑपरेशनची तारीख पुढच्या आठवड्यातली आहे. सकाळी उपाशी न्यायचंय, मग इन्सुलिनचं काय?

निवृत्त पशुवैद्य

सकाळची पहिली वेळ मागून घ्या. उपाशी असताना बहुधा निम्मा डोस देतात, पण नेमका आकडा तुमच्या सर्जनकडून लिहून घ्या आणि तोच पाळा. ग्लुकोमीटर त्याआधी घरात हवा, कारण नसबंदीनंतर इन्सुलिनची गरज झपाट्याने उतरू शकते. त्या दिवसांत टोचण्याआधी प्रत्येक वेळी साखर बघा. कमी दिसली किंवा तिने खाल्लं नाही तर डोस देण्याआधी फोन करा. ती लडखडली, थरथरली तर हिरड्यांवर मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळा आणि तसेच दवाखान्यात निघा. आठवड्याने आकडे इथे लिहा, आपण बघू.