पहिल्यांदा क्रूझवर गेलात तेव्हा काय काय झालं? सांगा की!

जांबोटीकरीण

परवा नणंदेकडे बारशाला वास्कोला गेले होते. मुरगाव बंदराला पांढरीशुभ्र बोट उभी. ह्यांना म्हटलं गाडी बाजूला घ्या जरा. बघत उभी राहिले आणि सासूबाईंना घेऊन केलेली आमची पहिली क्रूझ आठवली. आपल्या भागातले बरेच जण जाऊन आलेत हे माहीत आहे, म्हणून धागा काढते.

आमचं सगळंच उलटं. बेळगावहून पणजी चोर्ला घाटाने तीन तास. आणि आम्ही रात्रीच्या बसने मुंबई, तिथून बोटीने गोवा, आणि गोव्याहून चोर्ल्यानेच घरी! गल्लीभर हसले. शेजारचे काका म्हणाले, "काय वो, कणकुंबीचा रस्ता बंद पडलाय काय?" पण सासूबाईंना मोठ्या बोटीत बसायचं होतं, आणि कंपनी नवीन असल्यामुळे पेपरात रोज जाहिरात.

तिकीट इथल्याच एका एजंटाकडून काढलं. "सगळं आलं त्यात वहिनी!" सगळं म्हणजे खोली नि जेवण. बंदराचे पैसे वेगळे, जीएसटी वेगळा, टिप (त्याला ग्रॅच्युइटी म्हणायचं, माणशी आणि दर रात्रीची) वेगळी, वायफाय वेगळं, कोल्ड्रिंकसुद्धा वेगळं. ह्यांचं तोंड बॅलार्ड पिअरलाच उतरलं.

सामानाला पट्ट्या लावून ते परस्पर जातं, खोलीच्या दारात येऊन पडतं. स्कॅनरवर आमचा कुंद्याचा (बेळगावची खव्याची मिठाई) डबा अडला. तिथल्या बाईने झाकण काढून हुंगलं, "ये क्या है?" सासूबाई म्हणाल्या, खाऊन बघ की गं. तिने खाल्ला नाही पण सोडला. इस्त्री मात्र ठेवून घेतली, पावती दिली. बोटीवर आगीची भीती मोठी, म्हणून इस्त्री, किटली, मेणबत्ती, उदबत्ती काहीच चालत नाही. इस्त्रीचं काही नाही, उदबत्ती नाही म्हटल्यावर सासूबाई खट्टू झाल्या.

खोली आतली, स्वस्तातली. पडदा दिसला म्हणून सरकवला तर मागे भिंत! सकाळ झाली की नाही ते घड्याळात बघायचं. सासूबाई अंघोळ करून ओल्या केसांनी खोलीच्या मधोमध उभ्या. "पूर्व कुठली गं?" आता मला काय माहीत! टीव्हीची बटणं दाबता दाबता एक चॅनल लागलं, त्यात बोटीच्या टोकावरचा कॅमेरा. बोट दक्षिणेला चाललेली, म्हणजे पूर्व डाव्या हाताला, आणि खरंच पडद्यावर डावीकडून तांबडं फुटत होतं. त्यांनी टीव्हीच्या डाव्या कडेला हात जोडले आणि अर्घ्य बेसिनमध्ये सोडलं. मग म्हणाल्या, "चला, आता चहा कुठं मिळतो बघू."

बाकी जेवण, गाणी, पोहण्याची टाकी ते तुम्ही जाहिरातीत बघितलंच असेल. मला विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने दोन पैसे जास्त घालून खिडकीची खोली घ्यावी. तुमचं काय काय झालं ते लिहा.

---

खानापूरचा पावणा

फोटो कुठायत वहिनी? कुंद्याचा तरी टाका 😄

---

मिरची_संकेश्वरी

बोट लागली त्याचं कुणी लिहिणार की नाही?? मला तर मुंबईचे दिवे मागे पडायच्या आधीच लागली. नवरा बुफेत तिसऱ्यांदा ताट भरतोय आणि मी खोलीत बादली धरून. अव्होमिनची गोळी निघायच्या आधीच घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, ती पण बाहेर. हिरवं सफरचंद दिलं तिथल्या पोराने. खरंच बरं वाटलं. का ते विचारू नका. कुकर लावलाय, नंतर लिहिते

---

डेक कॅडेटची आई

मिरचीताई, पोटाचा त्रास असेल तर खोली बोटीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावरची मागायची. टोकाच्या आणि वरच्या खोल्या जास्त हलतात, आणि नेमक्या वरच्याच महाग असतात. मोठ्या बोटींना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात (स्टॅबिलायझर), ते बाहेर काढले की आडवं हेलकावणं कमी होतं. पुढेमागे वरखाली होतं त्याला मात्र इलाज नाही. माझा मुलगा मालवाहू जहाजावर आहे, तो म्हणतो आई, तुमच्या बोटीला हलणं म्हणतच नाहीत.

जांबोटीकरीण, संकटकाळच्या कवायतीचं कसं राहिलं लिहायचं? भोंगा सात वेळा आखूड आणि एकदा लांब वाजला की आपापल्या ठरलेल्या जागी जाऊन उभं राहायचं. आमच्या वेळी अर्धे लोक मोबाईलवर शूटिंग करत होते. 2012 च्या जानेवारीत इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटून कलंडली, 32 माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. तेव्हापासून नियम कडक झाला, निघण्याआधी किंवा निघाल्या निघाल्या कवायत झालीच पाहिजे. तेवढी पंधरावीस मिनिटं जेवणाच्या रांगेचा विचार सोडून ऐकावं माणसाने.

---

जांबोटीकरीण

झाली की कवायत! सासूबाईंनी लाइफ जॅकेट घातलं ते पदराच्या आतून. पट्टा बांधायला आलेला पोरगा बिचारा लाजून लाल. शेवटी मीच बांधला.

---

कॅम्पातले आजोबा

तुमची क्रूझ ठीक आहे. आम्ही पहिल्यांदा बोटीत बसलो ते सत्तरच्या दशकात, वेंगुर्ल्याहून. आईचं आजोळ तिथलं. मे महिन्यात बेळगावहून एसटीने आंबोली उतरून सावंतवाडी, पुढे वेंगुर्ला. पूर्वी बेळगावचा बराचसा माल ह्याच बंदरातून यायचा-जायचा, ते आता कुणाला आठवत नाही. बोट धक्क्याला लागत नसे, लांब पाण्यात उभी राही. पडावात, म्हणजे लहान होडीत, बसून तिथपर्यंत जायचं. पडाव लाटेवर उचलला गेला की त्याच क्षणी वरचा खलाशी बखोट धरून आत ओढायचा. क्षण चुकला की पुढच्या लाटेची वाट. मावशीची पत्र्याची ट्रंक तिथेच पाण्यात गेली, लग्नाचा शालू होता तिच्यात. बुडताना झाकण उघडलं आणि शालू थोडा वेळ वर तरंगला. मावशी भाऊच्या धक्क्यापर्यंत कुणाशी बोलली नाही.

वर गेलं की पहिलं काम चादर पसरून डेकवर जागा धरायची. ज्याची चादर त्याची जागा, त्यावरून मारामाऱ्या. रात्रभर मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी करत बोट जायची, प्रत्येक बंदरात पडाव येऊन भिडायचे आणि झोपलेल्यांच्या अंगावरून माणसं चढायची. कोकणसेवक, कोकणशक्ती, रोहिणी ही नावं आमच्या पिढीला पाठ. पावसाळ्यात बंद. आजी कधीच बसली नाही. रामदास बोट 17 जुलै 1947 ला रेवसच्या वाटेवर बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, त्यानंतर तिने बोटीचं नाव काढू दिलं नाही.

---

मिरची_संकेश्वरी

आजोबा 🙏 शालूचं वाचून कसंतरीच झालं

---

निपाणीकर (तंबाखू सोडलाय)

मी अंग्रिया क्रूझने गेलेलो, सुरू झाली त्याच सीझनला, म्हणजे 2018 च्या ऑक्टोबरनंतर. मुंबई ते गोवा एका रात्रीत. कान्होजी आंग्रेंच्या नावाने बोट, आणि विजयदुर्गासमोर खोल समुद्रात प्रवाळांचा एक पट्टा आहे त्याचंही नाव अंग्रियाच. बोट जपानातून आणलेली, दारावर एकदोन ठिकाणी जपानी पाट्या तशाच होत्या. मित्र म्हणाला, बेळगावात कन्नड पाटी, इथं जपानी पाटी, आपल्याला वाचता येईल अशी पाटी कधी बघायची रे? 😂

मला आवडली. सकाळी किनारा लांबून दिसतो तेव्हा आपण एरवी ज्या रस्त्याने बोंबलत जातो तो हाच मुलूख काय असं वाटतं. आता बंद आहे ती.

---

गोकाक_फॉल्स

पाट्यांचा विषय निघाला म्हणून. आमच्या खोलीचं कार्ड चालेना. काउंटरला लांबलचक रांग, मी इंग्रजीत सांगतोय, नुसतं "वन मिनिट सर". तेवढ्यात त्या पोराच्या छातीवरच्या पाटीवरचं आडनाव वाचलं, आमच्याकडचंच. कन्नडात विचारलं, ऊर याव्दप्पा? पोरगा धारवाडचा! कार्ड तर झालंच, रात्री टेबलावर न मागता दहीभात आला. बायको म्हणते, एरवी सीमाप्रश्नाच्या मोर्चाला जाता आणि इथं कन्नड कसं सुचलं? म्हटलं मोर्चा सरकारवर असतो, दहीभातावर नाही.

---

खानापूरचा पावणा

😂😂😂 मालक मानलं

---

सीमाभाग_जिंदाबाद

मोर्च्याची चेष्टा नको. सीमाप्रश्नाचा खटला सुप्रीम कोर्टात 2004 पासून पडून आहे.

---

गोकाक_फॉल्स

दादा, चेष्टा नाही, मी स्वतः लाठी खाल्लीय. दहीभात पण खाल्लाय.

---

टिळकवाडीची डॉक्टरीण

ओपीडी संपली, पटकन लिहिते. आम्ही परदेशातल्या एका नव्याच कंपनीने गेलो, नाव लिहीत नाही. नवी कंपनी म्हणजे बोट नवी असं समजून गेलो. पण लिफ्टमध्ये जुन्या मालकाच्या नावाचं पितळी अक्षर घासून काढल्याच्या खुणा! डेक कॅडेटच्या आईंना जास्त माहीत असेल, पण हे सर्रास चालतं म्हणे. आपल्याकडची कॉर्डेलिया कंपनी 2021 च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली, तिची एम्प्रेस बोट 1990 ची, फ्रान्समध्ये बांधलेली, आधी रॉयल कॅरिबियनकडे होती. त्यात वाईट काही नाही, बोट नीट राखली तर चालते. पण मनाची तयारी असावी.

आमची तक्रार वेगळी. ज्या बेटासाठी ती ट्रिप निवडली तिथे वारा जास्त म्हणून बोट थांबलीच नाही. कप्तानाने सकाळी घोषणा केली आणि दिवसभर समुद्रातच फिरलो. कप्तानाचं बरोबरच होतं, धोका कशाला घ्यायचा. पण पैसे? बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की बंदर बदलायचा किंवा गाळायचा हक्क कंपनीचा. परत मिळाले ते फक्त त्या बंदराचे शुल्क, तेसुद्धा बोटीवरच खर्च करायच्या खात्यात. नवऱ्याने त्यात एक टोपी घेतली. ती टोपी घालून तो अजून रविवारी मंडईत जातो आणि प्रत्येकाला हीच गोष्ट सांगतो.

आणि मोबाईल! बोट सुटली की विमान मोडवर टाका. किनारा सुटला की फोन बोटीच्या सॅटेलाइट नेटवर्कला चिकटतो. माझ्या दिराने एक व्हिडिओ कॉल केला, पुढच्या महिन्यात बिल आल्यावर जाऊबाईंनी त्यालाच सॅटेलाइटवर पाठवायचं ठरवलं होतं.

---

मिरची_संकेश्वरी

कुकर झाला. डॉक्टर, सफरचंदाचं काय ते सांगा ना, खरंच काही असतं का त्यात?

---

टिळकवाडीची डॉक्टरीण

पोट रिकामं ठेवू नये आणि तेलकट खाऊ नये, एवढं नक्की. आलं चघळलं तरी काही जणांना बरं वाटतं. बाहेर डेकवर येऊन लांब क्षितिजाकडे बघा. बिनखिडकीच्या खोलीत मोबाईल बघत पडलात तर आणखी वाढणार, कारण कान सांगतो हलतंय आणि डोळा सांगतो स्थिर आहे.

---

उचगावची लेक

आम्ही नुकतंच लग्न झाल्यावर गेलो. पहिल्या रात्री पत्त्यांच्या टेबलाशी चिकोडीच्या एका मंडळींची ओळख झाली ती अजून आहे. पन्नास-साठ जणांचा ग्रुप, साखर कारखान्यातून रिटायर झालेले. डेकवर डीजे चालू होता तर ह्यांनी एका कोपऱ्यात भजन धरलं. टाळ बरोबर आणलेले! थोड्या वेळाने डीजेवाल्याकडची अर्धी गर्दी इकडे. एक परदेशी बाई फुगडी घालायला उठली आणि पडली, तरी उठून परत घातली.

---

जांबोटीकरीण

टाळ स्कॅनरमधून गेले आणि आमची इस्त्री अडली! 😤

---

खानापूरचा पावणा

मी अजून बोटीत बसलोच नाही. मलप्रभेला पूर आलेला तेव्हा तराफ्यातून पलीकडे गेलो तेवढंच. त्याचा अनुभव लिहू का?

---

डेक कॅडेटची आई

लिही रे बाबा. नाहीतरी कोण विषयावर आहे इथे.

---

मिरची_संकेश्वरी

बरं एक विचारते, दिवाळीनंतर आईवडिलांना पाठवायचं म्हणते. मुंबईला जायचं की मुरगावलाच चढता येतं? वडिलांना बसचा प्रवास झेपत नाही

---

डेक कॅडेटची आई

काही फेऱ्यांना मुरगावहून चढता येतं, वेळापत्रक बघून तिकीट काढ. ट्रेनने गेलात तर लोंढा, कॅसलरॉक करत वास्को, वाटेत दूधसागर बघायला मिळतो त्यांना. खिडकीची खोलीच घे, आणि एजंटाकडून "एकूण किती" ते कागदावर लिहून घे. तोंडी नको.

---

उचगावची लेक

आणि मांडे द्या सोबत! त्या चिकोडीच्या ग्रुपमधल्या काकूंनी आणलेले, बोटीवर सगळ्यांनी तुटून पडून खाल्ले.

---

कॅम्पातले आजोबा

मांडे कुणाकडचे? हल्ली चांगले मिळत नाहीत.

---

उचगावची लेक

आजोबा, शहापुरात एक मावशी ऑर्डरवर करून देतात, नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवते. पण चार दिवस आधी सांगावं लागतं. आणि पत्र्याच्या डब्यात न्या, चोर्ल्याच्या खड्ड्यांत पिशवीतल्यांचा नुसता भुगा होतो.