लोगोची ‘उत्क्रांती’ होते का?

तळटीप : नॅस्कार या अमेरिकी मोटारशर्यतींवरच्या लेखाचा अनुवाद करतेय. मुख्य मालिकेचा लोगो प्रायोजकांबरोबर कसा बदलला, हा विषय. १९७१ ते २००३ विन्स्टन कप, मग नेक्स्टेल, २००८ पासून स्प्रिंट, २०१७ ते २०१९ मॉन्स्टर एनर्जी, त्यानंतर नुसताच नॅस्कार कप. मथळा दिला ‘बोधचिन्हाची उत्क्रांती’. संपादकांनी दोन्ही शब्दांवर लाल रेघ मारली!

खडूस : बरोबर केलं. उत्क्रांतीत आधीचं काहीतरी पुढे उतरतं. इथे भाडेकरू बदलला की दारावरची पाटी बदलली. ‘स्थित्यंतरं’ म्हणा.

तळटीप : पण नेक्स्टेल आणि स्प्रिंट या फोन कंपन्या २००५ मध्ये एक झाल्या, म्हणून स्प्रिंट कपातही लोगो काळा-पिवळाच राहिला. हे उतरणं नाही?

खडूस : ते लग्नानंतरचं नाव.

जुना पेपरवाला : माझं भांडण ‘बोधचिन्ह’शी. २००८ मध्ये पुण्यात युवा राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, तेव्हा स्पर्धेचा मॅस्कॉट जिगर वाघही बोधचिन्ह आणि छापील लोगोही बोधचिन्ह. दोन्ही एकाच बातमीत आले की पंचाईत. वाघाला ‘शुभंकर’ लिहिलं की वरिष्ठ ‘हिंदी नको’ म्हणून खोडायचे.

खडूस : शिवाय विन्स्टन म्हणजे सिगारेट. अमेरिकेत टीव्हीवर जाहिरात बंद झाली १९७१ मध्ये, म्हणून तो पैसा शर्यतीत आला. त्या चिन्हातून कसला बोध घ्यायचा?

लिंबूटिंबू : बोध म्हणजे उपदेशच कशाला? अर्थबोध म्हणतोच की. आणि ‘प्रायोजक’ तरी कोण बोलतं? आमच्या मंडळाच्या कमानीवर ‘सौजन्य’ असतं. एका वर्षी ज्वेलर्सचं नाव एवढं मोठं आलं की मंडळाचं नाव डाव्या खांबावर गेलं. अजून लोक ‘ज्वेलर्सचा गणपती’ म्हणतात.

जुना पेपरवाला : आयपीएलचं तसं नाही झालं. डीएलएफ, पेप्सी, विवो, टाटा... तोंडात आयपीएलच.

स्पॅनर : ताई, नॅस्कारच्या गाड्यांना ‘स्टॉक कार’ म्हणतात, त्याचं काय केलंत? एका मासिकात ‘साठ्यातील गाडी’ वाचलंय, हसून पाना हातातून पडला. गॅरेजात स्टॉक म्हणजे कंपनीतून आली तशी. ‘सायलेन्सर स्टॉक आहे की बाहेरचा?’ असंच विचारतो आम्ही. मुख्य मालिकेचा १९४९ चा पहिला हंगामच ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ नावाचा होता.

खडूस : ‘मूळस्थितीतील मोटार’.

स्पॅनर : मूळस्थिती कुठली राहिलीय! शर्यतीसाठीच बांधतात आता. २०२२ पासून चाकाला पाचाऐवजी एकच नट.

जुना पेपरवाला : ‘चाकाला एकच नट’ छापू नका, नाट्यपरिषदवाले भांडायला येतील.

लिंबूटिंबू : आजी कुड्यांच्या नटाला फिरकी म्हणायची.

खडूस : आमच्याकडे मळसूत्र. फिरकी ती पतंगाची.

लिंबूटिंबू : पतंगाची ती चक्री हो!