आजोबांची पेटी (ग्वाल्हेर, लष्करचा वाडा ग्रुप)

मुग्धा: ओएलएक्सवर आजोबांच्या बाजाच्या पेटीचा फोटो कोणी टाकलाय? मागे आपलं देवघर दिसतंय, तेव्हा "ती आपली नव्हेच" असं कोणी म्हणू नका. ८५ हजार लिहिलेत.

बंडूदादा: मीच. विकायला नव्हे गं, भाव कळावा म्हणून.

मुग्धा: भाव कळायला बाजारात उभी करतात?

बंडूदादा: १५ वर्षं माझ्या जिन्याखाली पडून आहे. भाता उंदरांनी खाल्ला की राहिला, एकानं तरी विचारलं?

सुमनआत्या: शुभ रात्री सगळ्यांना 🙏 ती पेटी महाराजांनी दिलेली आहे, एवढं लक्षात असू द्या.

नितीन: आत्या, लष्कर भागातल्या प्रत्येक मराठी घरात एक तरी वस्तू महाराजांनी दिलेली असते. आमच्याकडे अडकित्ता आहे 😄

भाऊकाका: पेटी उघडू नये.

अभय (न्यूजर्सी): पॅरिसचे सूर, म्हणजे आतली पितळी रीड्स, असलेली जुनी पेटी म्हणजे सोनं. डिसेंबरात तानसेन समारोहाला येतोच आहे, जाताना घेऊन जातो. बंडूदादाला ८५ देतो.

बंडूदादा: बघा, गिऱ्हाईक घरातच निघालं.

नितीन: अभय, जरा थांब. १०० वर्षांपुढची निघाली आणि पुरावस्तू ठरली तर १९७२ च्या कायद्यानं देशाबाहेर नेता येणार नाही. तशी नसेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला आण. विमानतळावर मी सोडवायला येणार नाही.

सुमनआत्या: पट्ट्या हस्तिदंताच्या आहेत. बाबा स्वतः सांगत. भाव तिथेच दुप्पट झाला.

मुग्धा: आत्या, उलट आहे. हस्तिदंत निघाला तर विकताच येणार नाही, गुन्हा आहे तो. पण बहुतेक सेल्युलॉइडच असेल, जुनं प्लॅस्टिक. बोटानं जोरात घासून वास घ्या, कापरासारखा आला तर सेल्युलॉइड.

सुमनआत्या: म्हणजे बाबा खोटं बोलत होते?

मुग्धा: असं कुठे म्हटलं मी 🙏

बंडूदादा: घासली. देवघरात उभा आहे, इथे सगळ्यालाच कापराचा वास येतोय 😂

भाऊकाका: पुन्हा सांगतो, पेटी उघडू नये.

मुग्धा: माझी पेटी जे दुरुस्त करतात त्यांना फोटो दाखवला. ते हसलेच. म्हणाले, खोका कोणीही सुतार करून देईल, शिसवी असो की सागवानी. दाम सुरांचा. पॅरिसचे सूर आहेत का, सुरांच्या दोन्ही ओळी, खालच्या आवाजाची खर्ज आणि वरच्या आवाजाची नर, मूळच्या आहेत का, आणि किती वेळा घासलेत. रीड टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, पण प्रत्येक वेळी पितळ कमीच होतं. फार घासलेलं रीड मग नुसतं कण्हतं. आणि फोटो बघून जे फोन करतील ते पेटी वाजवायला नेत नाहीत. सूर काढून नव्या खोक्यात बसवतात, उरलेलं जळणाला. म्हणून न उघडता कोणी भाव सांगितला तर तो थापा मारतोय, असं त्यांचं म्हणणं.

बंडूदादा: म्हणजे मलाच बोललीस.

मुग्धा: तुला लागलं तर तसं.

सुमनआत्या: भांडू नका रे. १९४० ला ऑल इंडिया रेडिओनं कार्यक्रमांतून पेटी बंद केली ती १९७१ ला पुन्हा घेतली. तेवढी वर्षं बाबांनी घरात रेडिओवर बातम्यासुद्धा लावू दिल्या नाहीत. आणि तुम्ही तिचे तुकडे पाडायला निघालात.

नितीन: बातम्यांनी काय घोडं मारलं होतं 😄

भाऊकाका: पेटी उघडू नये. जुनं लाकूड आहे, तडकेल. अनुभवाचे बोल आहेत.

अभय (न्यूजर्सी): काका, कसला अनुभव?

बंडूदादा: मी उघडली. चार स्क्रू तर आहेत. फोटो टाकतोय.

बंडूदादा: 📷

मुग्धा: खर्जाची ओळ जुनीच दिसतेय. काळवंडलेली, सगळी सारख्या घडणीची. पण नराची ओळ पिवळीधमक आहे रे. ही कालपरवाची.

अभय (न्यूजर्सी): म्हणजे अर्धे सूर बदललेत? कोणी?

नितीन: ८५ चे साडेबेचाळीस.

सुमनआत्या: ८४ साली पेटी दुरुस्तीला गेली होती. महिनाभर आली नव्हती. भाऊ, तूच नेली होतीस ना रे टांग्यातून?

(भाऊकाका यांनी हा मेसेज हटवला आहे)

(भाऊकाका यांनी हा मेसेज हटवला आहे)

भाऊकाका: शरदच्या मुंजीला पैसे कमी पडत होते. दुकानदार म्हणाला, वाजताना फरक कळणार नाही. बाबांना पहिल्याच सुराला कळलं. बोलले काही नाहीत. नंतर खर्जच उघडून वाजवत, नराची ओळ सुरू करणारा स्टॉप त्यांनी कधी ओढलाच नाही.

बंडूदादा: फोटो काढून टाकला ओएलएक्सवरून.

सुमनआत्या: शरदच्या मुंजीत पंगत छानच झाली होती पण.

मुग्धा: भाऊकाका, रविवारी सकाळी येते. भाता मी शिवून घेते, खर्च माझा. तुम्ही असाल ना घरी?

भाऊकाका: असेन.

नितीन: नाश्त्याला बेडई पुरी किती माणसांची आणू ते सांगा. आणि जिलेबी बंडूदादाकडून.

बंडूदादा: का, माझ्याकडून का?