‘साजरा करणे’ की ‘पाळणे’? पानिपतच्या निमित्ताने

नाशिकरोडहून:
शाळेत दिनविशेषाचा फळा माझ्याकडे असतो. १४ जानेवारीला मी दरवर्षी डाव्या कोपऱ्यात रंगीत खडूने तिळगुळाची वाटी काढतो आणि उजवीकडे ‘पानिपतची तिसरी लढाई, १७६१’ असं लिहितो. यंदा वर एक ओळ वाढवली होती : ‘आज आपण पानिपत शौर्यदिन साजरा करत आहोत.’ मधल्या सुट्टीत सातवीतली एक मुलगी फळ्यापाशी रेंगाळली. म्हणाली, “सर, त्यात आपली इतकी माणसं गेली ना? मग साजरा कसं म्हणायचं?” मी डस्टर घेतलं, ‘साजरा करत’ एवढंच पुसलं आणि खडू हातात धरून उभा राहिलो. ‘पाळत’ लिहावं तर सुतक पाळल्यासारखं वाटतं. दुसरा शब्द सुचेना. घंटा झाली. दिवसभर त्या ओळीत मधली जागा रिकामीच राहिली. तिथे काय बसतं, जाणकारांनी सांगावं.

पंचवटीहून:
सर, त्या मुलीचा कान चांगला आहे. ‘साजरा’ हे मुळात विशेषण. ‘दुरून डोंगर साजरे’ म्हणतो ना, त्यातलं. देखणा, शोभिवंत. म्हणजे दिवस साजरा करायचा तर तो सजवायचा : दाराला तोरण, अंगणात रांगोळी, पानात काहीतरी गोड. जन्माला हे शोभतं, विजयाला शोभतं. शके १५९६च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला महाराजांना राज्याभिषेक झाला, तो दिवस साजराच करावा, अगदी वाजतगाजत. पुण्यतिथी मात्र आमच्या घरात कधी कोणी ‘साजरी’ केली नाही. पुण्यतिथी करतात, नाहीतर पाळतात.

आणि ‘पाळणे’ सुतकापुरतं ठेवू नका. आपण वेळ पाळतो, पथ्य पाळतो, दिलेला शब्द पाळतो. हातचं सुटू न देणं हा त्याचा गाभा. मला विचाराल तर पानिपतला हाच शब्द लावा.

जाता जाता : ‘अमुक लढाईची जयंती’ असंही हल्ली कानावर येतं. ते नको. जयंती जन्माची. धर्मशास्त्रात तर रोहिणी नक्षत्रावर आलेल्या कृष्णाष्टमीलाच जयंती म्हटलंय; पुढे तो शब्द सगळ्या थोरांच्या जन्मदिवसांना लागला. लढाई जन्मत नाही.

सटाण्याहून:
काका, पटलं, पण सगळ्याच लढायांची अशी वाटणी होत नाही. आमच्या बागलाणातली साल्हेरची घ्या. फेब्रुवारी १६७२. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजरांनी मोगली फौजेला मैदानात गाठून मोडलं. ‘विजयदिन’ हा शब्द त्या दिवसाला पुरेपूर शोभतो. पण त्याच दिवशी आपले सूर्यराव काकडे जंबूरकाचा, म्हणजे उंटावरच्या लहान तोफेचा, गोळा लागून पडले. सकाळी गुढी उभारायची आणि त्याच गुढीखाली त्यांचं नावही घ्यायचं. म्हणून मी वाक्यं दोन करते : विजय साजरा, सूर्यरावांना अभिवादन.

‘अभिवादन’ हा शब्दही नुसता ‘नमस्कार’ नव्हे. जुन्या रीतीत अभिवादन करणारा आपलं गोत्र, आपलं नाव उच्चारून मग वाकायचा. मी कोण, कुठला, हे आधी सांगायचं. फलकावर ‘विनम्र अभिवादन’ लिहिताना हे मनात असलं की शब्द भरीव होतो.

जुन्या नाशकातून:
सर, तुमच्या फळ्यावरच्या तिळगुळाच्या वाटीबद्दल बोलायचं आहे. पानिपत संक्रांतीला झालं आणि त्यावरून ‘संक्रांत कोसळली’ हा वाक्प्रचार आला, असं बरेच जण सांगतात. त्या वर्षी १४ जानेवारीला संक्रांत नव्हती. पौष शुद्ध अष्टमी होती, बुधवार. संक्रांत इंग्रजी तारखेत साधारण सत्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. त्याच्या शंभर वर्षं मागे गेलात तर संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. मराठ्यांचे सरदार दत्ताजी शिंदे दिल्लीजवळ यमुनेच्या बुराडी घाटावर पडले ते १० जानेवारी १७६०ला. संक्रांत होती ती त्या दिवशी, पानिपतच्या आदल्या वर्षी. ‘संक्रांत येणे’ हा प्रयोग पंचांगातल्या संक्रांतिदेवीवरून आला असावा. ती कुठल्या वाहनावर बसून येते, कुठल्या दिशेला पाहते, यावर अनिष्ट सांगायची पद्धत आहेच. पानिपताने भाषेला जे खरोखर दिलं ते वेगळं : ‘पानिपत होणे’, आणि ‘विश्वास तर पानिपतातच गेला’. हे वाक्य बोलताना त्यातला विश्वास म्हणजे पेशव्यांचा मुलगा विश्वासराव, आणि तो सतरा-अठरा वर्षांचा होता, याची आठवण कितीजणांना होते?

गंगापूर रोडहून:
मला या सगळ्यात ‘कृतज्ञता’ हा शब्द आणावासा वाटतो. भाषणांत तो ‘आभार’च्या जागी वापरतात. आभार ऐकणाऱ्याचे मानतात. कार्यक्रम संपला की आभारप्रदर्शन होतं, खुर्च्या उचलतात. जे ऐकायला उरले नाहीत त्यांचे आभार कसे मानणार? कृतज्ञ म्हणजे कृत जाणणारा. केलेलं ज्याला ठाऊक आहे तो. त्याच्या उलट कृतघ्न, म्हणजे केलेलं मारून टाकणारा. म्हणून वरची तारखेची दुरुस्ती मला कृतज्ञतेतलीच वाटते. दत्ताजींचा दिवस पानिपताच्या खात्यात टाकला तर दत्ताजींचं कृत आपण जाणलं नाही.

आपला रामशेज बघा. पेठ रस्त्याने आशेवाडीला उतरलं की समोर. लहानसा गड, तासाभराच्या आत वर पोचतो. १६८२ पासून पाच वर्षांहून अधिक काळ त्याने औरंगजेबाचे सरदार झुंजवले. गडावर लोखंडी तोफ नव्हती तर लाकडाच्या तोफा केल्या, हे मोगलांच्याच इतिहासकाराने, खाफीखानाने, लिहून ठेवलंय. शेवटी गड गेला. या झुंजीला एक तारीख कुठून आणायची? वेढ्याला दिनविशेष नसतो. आणि लढणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावंही हाती नाहीत.

त्यांच्यासाठी आपल्या गावात शब्द आहे, रोज रामकुंडावर ऐकू येतो. तर्पणाला बसलेला माणूस बाप, आजा, पणजा अशी नावं घेत जातो, नावं संपली की गुरुजी सांगतात, आता ज्ञात-अज्ञात सगळ्यांना. ओंजळ पुन्हा भरते. माघ शुद्ध अष्टमीला, भीष्माष्टमीला, तर जे आपल्या कुळातलेही नाहीत त्या भीष्मांना पाणी देतात, कारण मागे द्यायला त्यांना संतान नव्हतं. युद्धात पडलेल्या परक्या माणसाची तिथी घराघरांतून करायची ही रीत फार जुनी आहे. तिचं क्रियापद ‘देणे’. पाणी देणे.

नाशिकरोडहून:
सगळ्यांचे शब्द काल वर्गात वाचून दाखवले. ‘कृतघ्न’मधला ‘घ्न’ कळल्यावर मागच्या बाकापर्यंत शांतता होती. मग त्या मुलीला खडू दिला. तिने तिळगुळाची वाटी पुसली नाही, फक्त मध्ये एक उभी रेघ मारली आणि रेघेच्या पलीकडे लिहिलं :

‘पौष शुद्ध ८, शके १६८२. पानिपतावर पडलेल्यांचं स्मरण. सदाशिवरावभाऊ. विश्वासराव. जनकोजी शिंदे. यशवंतराव पवार. इब्राहिमखान गारदी.’

क्रियापद तिने लिहिलंच नाही. नावांखाली एक ओळ कोरी सोडली होती. ती पुसायची राहिली का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, “नाही सर, ती अज्ञातांची.”